खत घरचं, माती घरची

‘झाडाला काय घालू?’ रोपवाटिकेत, सोसायटीच्या गच्चीवर, बाग करणाऱ्यांच्या गप्पांत सगळ्यांत जास्त विचारला जाणारा हा प्रश्न. गुलाब फुलत नाही, जास्वंदीच्या कळ्या गळतात, कढीपत्ता पिवळा पडलाय; काय घालू? उत्तर द्यायला प्रत्येक जण तयार असतो. कोणी केळ्याच्या साली भिजवायला सांगतं, कोणी कांद्याच्या सालींचं पाणी सुचवतं, कोणी अंड्याची टरफलं, कोणी ताक. प्रत्येक उत्तरात एक झाड असतं, एक पदार्थ असतो. मातीचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. या पुस्तकाचा सगळा भर त्या राहून गेलेल्या मातीवर आहे. खत मातीला घालायचं. माती ते पचवते आणि झाडाला देते. एवढं एक पटलं की स्वयंपाकघरातल्या कशाचं खत होतं, कशाचं होत नाही, किती दिवस लागतात आणि कुठे बिघडतं, हे दुसऱ्याला विचारावं लागत नाही.

झाड खातं काय, याचं उत्तर युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८४० मध्ये ठामपणे मांडलं आणि त्याचा गाभा आजही टिकून आहे. मुळं शेण खात नाहीत, केळ्याची सालही खात नाहीत. ती पाण्यात विरघळलेली द्रव्यं शोषतात: नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक, लोह आणि आणखी काही. मेथीच्या देठातून सुटलेलं नायट्रेट आणि युरियातून झालेलं नायट्रेट यांतला फरक मुळाला कळत नाही. मग सरळ युरियाच का घालू नये? युरियात ४६ टक्के नत्र असतं. चांगल्या घरगुती खतात जेमतेम एक-दीड टक्का. नुसते आकडे समोर ठेवले तर घरचं खत हरतं, हे सुरुवातीलाच मान्य केलेलं बरं.

पण घरच्या खताचं काम निराळं आहे. कुंडीतली माती जमिनीपासून तोडलेली असते. तिच्यावर पानं गळून कुजत नाहीत, खालून गांडुळं येत नाहीत, आणि रोज घातलेलं पाणी विरघळलेली अन्नद्रव्यं घेऊन तळाच्या भोकातून परळात उतरतं. रोपवाटिकेतून पोत्याने आणलेली लाल माती एका वर्षात अशी घट्ट बसते की खुरपं टेकवलं की ढेकूळच निघतं. अशा मातीत टाकलेला युरिया लवकरच धुऊन जातो आणि चिमूटभर जास्त पडला तर मुळं करपतात. कुजलेला सेंद्रिय पदार्थ हीच माती भुसभुशीत करतो, पाणी धरून ठेवतो, अन्नद्रव्यं पकडून ठेवतो आणि बेताबेताने सोडतो. त्याच्यावर जगणारे जीवाणू आणि बुरश्या पुढचं काम अखंड करत राहतात. युरियाने झाडाची आजची भूक भागते. मातीची अवस्था त्याने सुधारत नाही.

आपल्याकडे हे ज्ञान नवं नाही. गावात घरामागे उकिरडा असायचा. गोठ्यातलं शेण, चुलीतली राख, खरकटं, अंगणातला पालापाचोळा सगळं तिथे जायचं आणि पावसाळ्याआधी गाड्या भरून शेतात पडायचं. उकिरड्याची दैना बारा वर्षांनीसुद्धा फिटते, असं आपण म्हणत आलो. नीट रचलेल्या ढिगाची ती तीन महिन्यांतच फिटते. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जमिनी का खंगल्या याची कारणं शोधताना, डोंगरावरच्या पानाफुलांचं आणि मेलेल्या जीवांचं कुजलेलं सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर शेतात उतरायचं, याकडे लक्ष वेधलं होतं. वरचं रान आणि खालचं शेत हा एकच व्यवहार आहे, हे त्यांना दिसलं होतं.

उघड्या उकिरड्यातलं बरंच सत्त्व उन्हात उडून जायचं आणि पावसात वाहून जायचं. ही गळती रोखण्याची पद्धतशीर रीत बसवली गेली ती होळकरांच्या इंदुरात. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीत होते. त्यांनी आणि यशवंत वाड यांनी मिळून शेतातल्या टाकाऊ मालाच्या खतावर लिहिलेलं पुस्तक १९३१ मध्ये प्रसिद्ध झालं आणि ‘इंदूर पद्धत’ हे नाव जगभर गेलं. काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचायचे, पाणी शिंपडायचं, ढीग तीनदा उलटायचा. साधारण नव्वद दिवसांत खत तयार. हॉवर्ड यांना सेंद्रिय शेतीचे आद्य पुरुष म्हणून मान मिळाला. वाड यांचं नाव मराठी वाचकालासुद्धा फारसं ठाऊक नाही, म्हणून ते इथे मुद्दाम घेतलं.

कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं सोनखत करण्याचा प्रश्न हाती घेतला, तो काही शेतीच्या उत्पन्नापुरता नव्हता. घाण उचलण्याचं काम ठरावीक जातींच्या माथी मारून उरलेल्यांनी स्वच्छ राहायचं, ही रीतच त्यांना मोडायची होती. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून शेतकऱ्याला स्वतःच प्रयोगकर्ता केलं, आणि पालापाचोळ्यातून सकस माती आपल्या हातांनी घडवता येते हा विचार शहरातल्या गच्च्यांपर्यंत पोचवला. विदर्भातल्या सुभाष पाळेकरांमुळे ‘जीवामृत’ हा शब्द घरोघरी गेला. या सगळ्यांची मतं एकमेकांशी जुळत नाहीत. काही ठिकाणी ती सरळ भांडतात. पण जे मातीतून आलं ते मातीत परत गेलं पाहिजे, याबद्दल त्यांच्यात दुमत नाही.

शहरात ही परतफेड तुटली. चौघांच्या घरातून रोज साधारण अर्धा ते एक किलो ओला कचरा निघतो. पुण्याच्या कचऱ्याचं ओझं उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी वर्षानुवर्षं वाहिलं आणि तिथल्या ग्रामस्थांनी त्याविरुद्ध वारंवार आंदोलनं केली. मुंबईत देवनारच्या डोंगराला जानेवारी २०१६ मध्ये लागलेली आग दिवसचे दिवस धुमसत राहिली. अशा डोंगरांच्या पोटात हवा पोचत नाही, ओला कचरा हवेवाचून सडतो आणि मिथेन तयार होतो. तोच पेट घेतो. त्याच वर्षी आलेल्या घनकचरा नियमांनी घरातच वर्गीकरण करणं बंधनकारक केलं. पण घंटागाडीत दोन डबे वेगळे दिले म्हणजे आपलं कर्तव्य संपलं, अशी समजूत झाली. ओल्या डब्यातला भाजीपाला आणि प्लॅस्टिक हातांनी वेगळं करणारी कचरावेचक बाई आपल्याला दिसत नाही, इतकंच. आपल्या घरची देठं आणि साली आपल्याच कुंडीत जिरवणं हा तिच्या हातांचा मान राखण्याचाही एक मार्ग आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे. कुजणं ही जीवाणूंची कामगिरी आहे आणि त्यांना चार गोष्टी लागतात: कर्ब, नत्र, पाणी आणि हवा. स्वयंपाकघरातला ओला कचरा नत्राच्या बाबतीत श्रीमंत असतो. त्यात कर्ब आणि नत्राचं प्रमाण साधारण १५ ते २० ला १ असतं. वाळलेल्या पानांत ते ५० ते ८० ला १ इतकं असतं आणि लाकडाच्या भुशात कित्येक शेकड्यांना १. जीवाणूंना सोसतं ते २५ ते ३० ला १. व्यवहारात याचा अर्थ सोपा आहे: एक भांडं ओला कचरा घातला की त्यावर तेवढाच, किंवा थोडा जास्त, सुका पाला घालायचा. घरगुती खताचे बहुतेक प्रयोग फसतात ते या दुसऱ्या भांड्यापाशी. लोक महागडा डबा आणतात, कल्चरची पुडी आणतात, पण सुक्या पानांचं पोतं भरून ठेवत नाहीत. मग डब्यात काळा चिखल होतो, वास सुटतो आणि ‘आमच्याकडे हे जमत नाही’ असा निष्कर्ष निघतो.

पानांचा तुटवडा महाराष्ट्रात तरी नाही. माघ-फाल्गुनात वड, पिंपळ, उंबर, देशी बदाम यांच्या पानांचे ढीग रस्त्याकडेला पडतात आणि बरेचसे पेटवले जातात. पाला जाळणं नियमबाह्य आहे आणि मूर्खपणाचंही, कारण जळणारा तो ढीग म्हणजे वर्षभराच्या खताचं निम्मं भांडवल असतं. त्या दिवसांत चार-सहा पोती भरून कोरड्या जागी ठेवली की एका कुटुंबाचं बहुतेक वर्ष निभतं. पाला नसेल तर नारळाच्या शेंड्या कातरून, उसाच्या रसवंतीवरची चिपाडं वाळवून किंवा शाई-चकाकी नसलेला पुठ्ठा फाडूनही काम होतं.

भांड्याबद्दल फार खल करायला नको. रंगाची रिकामी बादली घासून-धुऊन, तिला बाजूने आणि तळाला भोकं पाडली तरी पुरे. माठ असेल तर उत्तम, कारण त्याच्या अंगातून जास्तीची ओल उडून जाते. तळाशी शेंड्यांचा थर, त्यावर ओला कचरा, त्यावर पाला, आणि आठवड्यातून एकदोनदा काठीने वरखाली. सुरुवातीला मूठभर जुनं खत, थोडं शेण किंवा वाटीभर आंबट ताक घातलं तर काम लवकर सुरू होतं. दुधाला विरजण लावावं तसंच हे. पण विरजण नसलं तरी कुजायचं थांबत नाही, कारण जीवाणू भाजीच्या पानावर आणि पाल्यावर आधीपासूनच असतात. ओल किती असावी? मूठभर माल पिळला तर एकदोन थेंब यावेत. धार लागली तर पाला वाढवा, थेंबही आला नाही तर पाणी शिंपडा.

डबा आपल्याशी बोलत असतो. सडक्या अंड्यासारखा किंवा आंबूस वास म्हणजे हवा कमी, पाणी जास्त. अमोनियाचा तिखट वास म्हणजे नत्र जास्त, कर्ब कमी. मुंग्यांची रांग म्हणजे माल कोरडा पडलाय. चिलटं म्हणजे फळांच्या साली उघड्या राहिल्या आहेत. पावसाळ्यात करड्या, चपट्या अळ्या वळवळताना दिसल्या की घरात आरडाओरडा होतो. त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात, चावत नाहीत आणि कचरा झपाट्याने फस्त करतात. चालत नसतील तर पाला वाढवून वरचा थर कोरडा ठेवला की कमी होतात. मोठा ढीग आतून ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो आणि त्यात बिया मरतात. बादलीतला माल इतका तापत नाही, म्हणून घरच्या खतातून टोमॅटो, मिरची, पपई, भोपळ्याची रोपं न लावता उगवतात. बागेत हा उपद्रव नाही. चार रोपं फुकटच मिळतात.

दोन-तीन महिन्यांनी देठ कुठलं आणि साल कुठली हे ओळखू येईनासं झालं, माल गडद, मोकळा आणि पहिल्या पावसाच्या मातीच्या वासाचा झाला की खत तयार. शंका असेल तर त्यात मूठभर मूग किंवा मेथी पेरून पाहावी. बी नीट रुजलं तर खत पिकलंय, कोंब करपले तर अजून काही आठवडे थांबायचं. अर्धकच्चं खत कुंडीत घातलं तर कुजण्याचं उरलेलं काम मुळांशी होतं आणि जीवाणू मातीतलं नत्र स्वतःसाठी ओढतात. झाड खत घातल्यावर पिवळं पडतं ते बहुधा यामुळे.

आता त्या लोकप्रिय पदार्थांची उलटतपासणी. चहाचा चोथा खरोखर चांगला. सुक्या चहात सुमारे चार टक्के नत्र असतं. पण आपला चहा दूध-साखर घालून उकळलेला, म्हणून चोथा धुऊन, वाळवून घालावा. नाहीतर बुरशी आणि मुंग्या ठरलेल्या. अंड्याचं टरफल म्हणजे सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट. तुकडे करून टाकलं तर ते वर्षानुवर्षं तसंच राहतं; मिक्सरमधून पूड केली तरच थोडा उपयोग. शिवाय दख्खनच्या काळ्या मातीत चुनखडी मुळातच भरपूर असते. टोमॅटोचं बूड काळं पडलं की लोक टरफलं घालतात, पण तिथे बहुतेक वेळा दोष अनियमित पाण्याचा असतो. केळ्याच्या सालीत पालाश आहे हे खरं, पण ओल्या सालीचा चार-पंचमांशाहून अधिक भाग पाणीच, आणि नत्र फार थोडं. तिचं भिजवलेलं पाणी म्हणजे सौम्य, एकांगी खत. त्यापेक्षा साल चिरून डब्यात घालावी.

राख ही जुन्या चुलीची देणगी. लाकडाच्या राखेत पालाश आणि चुना असतो, म्हणून ती चिमटीनेच घालावी. ताज्या शेणात किंवा ओल्या खतात ती मिसळली तर नत्र अमोनिया होऊन उडून जातं, आणि कोळशाची राख तर बागेत नकोच. ताक कढीपत्त्याला मानवतं असं घरोघर सांगतात. बोअरच्या जड, क्षारयुक्त पाण्यावर वाढणाऱ्या झाडाला त्याच्या आंबटपणाचा थोडा फायदा होऊ शकतो, पण त्यात मीठ नसावं आणि ते चौपट-पाचपट पाणी घालूनच द्यावं. मीठ, तेल, लोणच्याचा खार, मटणाची हाडं, शिळा रस्सा यांना छोट्या डब्यात जागा नाही.

झटपट गुण हवा असेल तर पेंडीकडे वळावं. शेंगदाण्याच्या पेंडीत सुमारे सात टक्के नत्र असतं. घरच्या पदार्थांत तिच्याइतकं ताकदीचं दुसरं सहसा नसतं. कोरडी घातली तर उंदीर-मुंग्या येतात, म्हणून शंभर ग्रॅम पेंड लिटरभर पाण्यात दोन-तीन दिवस भिजवून, दहापट पाणी मिसळून घालावी. वास उग्र येतो; शेजाऱ्यांची वेळ पाहून काम उरकावं. निंबोळी पेंडीत नत्र कमी, पण मातीतल्या किडींवर तिचा वचक असतो. जीवामृताची पाळेकरांची कृती एकरासाठी आहे: दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलोपर्यंत गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर माती. गच्चीसाठी तिचा विसावा भाग, म्हणजे दहा लिटरची बादली, पुष्कळ झाली. जीवामृताने मातीतले जीव जागे होतात, पण त्यांना खायला सेंद्रिय पदार्थच नसेल तर ते काय करणार? म्हणून सगळी पातळ खतं पूरकच. पाया कुजलेल्या खताचा.

ताज्या शेणाबद्दल एक इशारा. कच्चं शेण कुंडीत घातलं तर त्यातून हुमणीच्या अळ्या येण्याची भीती असते आणि त्या मुळंच कुरतडतात. शेण नेहमी कुजवून वापरावं. आणि निर्माल्याचं म्हणाल तर गणपती ते दसरा या दिवसांत घरात साठणाऱ्या झेंडू, शेवंती, दूर्वा, बेल यांचं खत फार छान होतं. त्यातला दोरा, चमकी आणि प्लॅस्टिकची फुलं तेवढी वेचून काढावी लागतात. देवाला वाहिलेलं नदीत सोडण्यापेक्षा तुळशीच्या मातीत घालणं जास्त शोभतं.

खताला मर्यादा आहेत, त्याही सांगायला हव्यात. चार तास ऊन न मिळणाऱ्या खिडकीत गुलाब कितीही खत घालून फुलणार नाही. पाणी साचून मुळं कुजलेल्या झाडाला खत म्हणजे आणखी त्रास. दहा-बारा इंची कुंडीला महिन्यातून दोन मुठी खत पुरतं. पाऊस सरल्यावर गुलाबाची छाटणी करताना, थंडी ओसरताना मोगरा छाटल्यावर हात थोडा सैल सोडावा. भर पावसात आवरावा.

पुढची प्रकरणं याच क्रमाने आहेत: आधी माती, मग कुजवण्याची तत्त्वं, मग डबे आणि ढीग, गांडूळखत, पातळ खतं, आणि शेवटी झाडागणिक गरजा. घाई असलेल्या वाचकाने शेवटच्या प्रकरणाकडे उडी मारू नये. तिथली मापं आधीच्या प्रकरणांवर उभी आहेत. मापंही अंतिम समजू नयेत. रत्नागिरीचा दमट जुलै आणि सोलापूरचा कोरडा एप्रिल यांत एकच डबा सारखा वागणार नाही. तारीख, काय घातलं, वास कसा होता, किती दिवसांत पिकलं, एवढं वहीत लिहीत गेलात तर वर्षभरात तुमच्या घराचं खतशास्त्र तुमच्याकडे तयार असेल.

आणि हे पुस्तक वाचून संपेपर्यंत थांबू नका. आज दोनच गोष्टी करा: एका बादलीला भोकं पाडा आणि वाळलेल्या पानांचं एक पोतं भरून तिच्या शेजारी ठेवा. उद्याची भाजी निवडून झाली की देठं त्या बादलीत टाका आणि वरून मूठभर पाला पसरा.